छप्पन्नाव्या रोलमधला बुधवार

आळंदला आमच्या गल्लीत संध्याकाळी धुळप्पा सायकलवरून दिसला की ओट्यावरचा कुणीही एकच प्रश्न विचारायचा, "आजचा झाला का?" झाला असेल तर तो मान हलवून सायकल हळू करायचा. झाला नसेल तर उत्तर न देता तसाच पुढं जायचा, आणि सूर्य किती वर आहे ते एकदा बघायचा. कोण काय जेवलं याची चौकशी आमच्याकडे नंतर व्हायची.

धुळप्पा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. त्याचे वडील शेतीवर आले आणि तो नोकरीवर. मी तहसील कचेरीत कारकून. माझ्याकडं जी कामं होती त्यातलं एक म्हणजे रोज सकाळी साडेआठला कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत मांडणं. पाऊस नसला तरी शून्य लिहावंच लागतं. वर्षातले तीनशेच्या वर दिवस मी शून्य लिहीत होतो. त्यामुळे रोज एकच गोष्ट करणाऱ्या माणसाचं मला नवल वाटलं नाही, पण तो चुकतो का यावर माझं लक्ष राहिलं. वयानं तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला अण्णा आणि अहो-जाहो करायचो. लिहिताना तसं केलं की माणूस लांब जातो, म्हणून इथं करत नाही. तो मला क्लार्कसाब म्हणायचा.

कॅमेरा त्याला दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी दिला होता. १९९१च्या सप्टेंबरात त्यांची बदली भालकीकडे झाली. सामान बांधताना त्यांनी जुना कॅमेरा धुळप्पाच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "रोज एक फोटो काढ. एकच. दुसरा काढलास की पहिल्याची किंमत जाते. पण तुला वर्षभर जमायचं नाही." धुळप्पानं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं असावं. डॉक्टर गेले, वर्ष सरलं, पैज जिंकल्याचं कळवायला त्याच्याकडं त्यांचा पत्ताही नव्हता. त्यानं थांबायचं काही मनावर घेतलं नाही.

त्याचे नियम होते, आणि ते त्यानं कधी भिंतीवर लावले नाहीत तरी गावाला पाठ होते. दिवसाला एक. मुद्दाम उभा राहणाऱ्याचा नाही. नोकरी सांभाळून सायकल जाईल तेवढ्यातलाच. रोल भरला की गुलबर्ग्याला धुवायला. फोटोच्या मागं तो तारीख लिहीत नसे. रोलच्या डबीवर पहिल्या फोटोचा दिवस लिहायचा, बस. निगेटिव्हच्या कडेला एक ते छत्तीस आकडे छापलेले असतात. "रोज एकच हाय म्हटल्यावर आकडा हीच तारीख की," असं तो म्हणायचा. मला हे फार पटलं होतं.

फोटो कसले? दवाखान्याचं कुलूप. तुरीच्या पोत्यावर बसलेला हमाल, पाठमोरा. एसटीच्या पायरीवरचा एक पाय. सुईला घाबरून मालकाच्या काखेत तोंड घातलेलं रेडकू. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब दवाखाना बघायला आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की कंपाउंडर फोटो काढतो. साहेब फळ्याजवळ उभे राहिले, शर्ट नीट केला. धुळप्पा म्हणाला, "आजचा झालाय, साहेब." साहेबांना वाटलं तो रोल संपल्याचं सांगतोय. त्यांनी नवा रोल आणायला माणूस पाठवायची तयारी दाखवली. तेव्हा धुळप्पानं सरळ सांगितलं की सकाळी शेळीचा काढला. त्याबद्दल त्याला एक लेखी ताकीद आली. ती त्यानं जपून ठेवली होती, कारण तिच्यावर तारीख होती आणि त्या दिवशीच्या शेळीला ती उपयोगी पडली असती.

त्याची बायको रत्नाबाई याबाबत स्पष्ट होती. थोरल्या मुलीच्या लग्नानंतर ती माझ्या बायकोला म्हणाली, "सगळ्या लग्नाचा एक फोटो. त्यात बी लेक न्हाई, हळदीचा पाटा हाय. पाव्हणे विचारायलेत, नवरी कुठंय? मी म्हटलं, पाट्याखाली."

१९९७ उजाडलं तेव्हा मी सहज हिशेब केला. पंचावन्न रोल म्हणजे एक हजार नऊशे ऐंशी. म्हणजे छप्पन्नाव्या रोलचा विसावा फोटो बरोबर दोन हजारावा. तो उन्हाळ्याच्या तोंडाशी एका शनिवारी येत होता. हे मी हायस्कूलच्या हेडमास्तरांना सांगितलं. सांगायला नको होतं असं मला पुढं वाटलं. हेडमास्तर उत्साही माणूस. शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या आत त्यांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, 'सातत्य' या विषयावर भाषण. मुलांनी टाळ्या वाजवल्या. धुळप्पा शाल घेऊन अवघडून बसला होता. कार्यक्रम संपल्यावर तो बाहेर आला आणि दाराशी पडलेल्या मुलांच्या चपलांच्या ढिगाचा फोटो काढला. दोन हजारावा. तो आकडा आणि तो वार गावातल्या दीडशे लोकांनी एकाच वेळी पाहिला.

त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दिवस मावळताना, आळंदपासून तीन कोसांवर, खजुरीकडच्या एका वस्तीवर शरणप्पाची कडब्याची गंजी पेटली. गंजीला लागून गोठा होता. एक बैल मेला, दुसरा पाठ भाजून वाचला. शरणप्पाचं आठ दिवसांपूर्वी मल्लू नावाच्या मेंढपाळाशी भांडण झालं होतं. मेंढरं बांध ओलांडून आली म्हणून त्यानं मल्लूला काठीनं हाणलं होतं, आणि मल्लू चार लोकांसमोर बोलून गेला होता की, "तुझा कडबा बी खाईल कुणीतरी." हे वाक्य आता सगळ्यांना आठवत होतं. शरणप्पा सांगत होता की तो तक्रारीत मल्लूचं नाव घालणार.

मल्लू चाळिशीचा, साठ मेंढरांचा धनी, घरात बायको आणि म्हातारी आई. तो आत गेला असता तर मेंढरं महिन्याभरात विकली गेली असती, आणि मेंढरं गेल्यावर अशी घरं पुण्याला बांधकामावर जातात. त्या वर्षात तशी चार घरं गेलेली मी कचेरीत बसून पाहिली होती. रेशनकार्डातली नावं मीच कमी केली होती.

मल्लू गुरुवारी धुळप्पाच्या दारात आला तेव्हा मी तिथं होतो. तो उंबऱ्याच्या बाहेरच बसला.

"अण्णा, मंगळवारी सांजंला मी हितं आळंदात होतो. स्टँडासमोर माझी मेंढरं साडेसहाच्या गाडीला आडवी आली. तू फोटो काढलास."

"काढला."

"तेवढंच सांग त्यास्नी."

"मी सांगून काय होतंय? तू माझ्या चुलतीच्या माहेरचा. लोक म्हणतील, आपल्या माणसाचं सांगायलाय."

"मग फोटो दाव की."

धुळप्पानं कॅमेरा हातात घेतला. त्या दिवशीचा धरून त्यात एकतीस झाले होते, पाच उरले होते. रोल भरायला पाच दिवस लागणार होते आणि शरणप्पा तेवढं थांबणार नव्हता. मी म्हटलं, "अण्णा, पाच फोटो आत्ताच भिंतीचे काढून टाका, रोल संपेल." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी विषय सोडला. ड्रायव्हरला विचारून झालं होतं. तो म्हणाला होता, मेंढरं रोजच कुठं ना कुठं आडवी येतात, वार कसा ध्यानात राहील.

हेडमास्तरांनी मध्यस्थी करून शरणप्पाला शनिवार दुपारपर्यंत थांबवलं. धुळप्पानं शुक्रवारी उजाडता बत्तिसावा फोटो काढला, रोल अर्धवट गुंडाळला, आणि आम्ही दोघं पहिल्या गाडीनं गुलबर्ग्याला गेलो. त्याच्या आग्रहावरून मी रजा टाकली होती. "आकडे तुमीच मोजा," तो म्हणाला होता. स्टुडिओवाल्यानं दुपारी चारला निगेटिव्ह आणि कॉपी दिल्या.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी पट्ट्या उजेडावर धरल्या. वीस नंबर: चपलांचा ढीग. शनिवार. तिथून बोटावर मोजत गेलो. एकवीस रविवार, बावीस सोमवार, असं करत पुढच्या आठवड्यातला सोमवार एकोणतीसवर आला, मंगळवार तीसवर. तीस नंबरवर विहिरीचा रहाट होता. मेंढरात अडकलेली गाडी, काठी वर धरलेला मल्लू, चेहरा स्वच्छ, सगळं होतं, पण ते एकोणतीसवर होतं. सोमवारी.

मी पुन्हा मोजलं. मग शेवटाकडून उलटं मोजलं. आजचा शुक्रवार बत्तीस, काल एकतीस, बुधवार तीस, मंगळवार एकोणतीस. उलटं मोजलं की मंगळवार येत होता, सुलटं मोजलं की सोमवार. याचा अर्थ एकच होतो. चपलांनंतर तेरा दिवस आणि फोटो बारा.

"अण्णा," मी म्हटलं, "एक कमी आहे."

तो खिडकीबाहेर बघत होता. गाडी दोनदा थांबली, माणसं चढली-उतरली.

"बुधवारी," तो म्हणाला. "सत्कार झाला त्याच्या पुढच्या बुधवारी."

"काय झालं होतं?"

"काय न्हाई. दवाखान्यातून घरी आलो, जेवलो, झोपलो. पहाटं जाग आली तवा कळलं."

"आजारी होता?"

"न्हाई म्हणलं की. विसरलो." थोड्या वेळानं तो म्हणाला, "साडेपाच वर्षं कुणी बघत नव्हतं तवा न्हाई विसरलो. शाल पडली अंगावर, आन् चार दिसांत विसरलो."

मी निगेटिव्ह पाकिटात घातल्या. दोन हजाराचा हिशेब मी केला नसता तर ती शाल पडली नसती. पण ते त्याला त्या वेळी सांगून उपयोग नव्हता.

"उद्या हे सांगितलं तर गाव म्हणेल, मल्लूसाठी आत्ता रचलं," मी म्हटलं.

"म्हणंल की."

"आणि नाही सांगितलं तर फोटो सोमवारचा ठरतो."

"ठरतोय."

आळंदला उतरताना तो म्हणाला, "रत्नीला बी सांगितलं न्हाई अजून."

शनिवारी दुपारी दवाखान्याच्या लिंबाखाली वीस-पंचवीस माणसं जमली. हेडमास्तर खुर्चीवर, शरणप्पा समोरच्या बाकावर, मल्लू जमिनीवर, काठी आडवी ठेवून. शरणप्पाचा भाजलेला बैल मागच्या, जनावर अडकवायच्या खोड्यात बांधला होता. धुळप्पानं आधी त्याच्या पाठीला मलम लावलं, हात धुतले आणि मग येऊन उभा राहिला. त्या हातांना अजून मलमाचा वास येत होता.

हेडमास्तरांनी पट्टी उजेडावर धरून मोठ्यानं मोजलं, वर्गात मोजावं तसं. लोकही बरोबर मोजू लागले. अठ्ठावीस म्हणजे रविवार, एकोणतीस म्हणजे सोमवार. इथं आवाज थांबले.

शरणप्पा उठला. "झालं. सोमवारी हितं होता. मंगळवारी कुठं होता ते मला ठावं हाय."

"बसा शरणप्पाण्णा," धुळप्पा म्हणाला. "मोजायला चूक न्हाई. माझी चूक हाय. त्यातला एक दिवस मी फोटो काढला न्हाई. बुधवारी. आग लागायच्या आधीच्या बुधवारी. तो धरला की एकोणतीस नंबर मंगळवारचा होतोय."

मग शरणप्पा हसला.

"साडेपाच वर्षं गावाला सांगायलास, एक दिवस चुकलो न्हाई म्हणून. शाल घेतलास. आन् आज तुझ्या माणसाच्या गळ्याशी आलं, तर चुकलास व्हय?"

"व्हय. चुकलो."

"कामून चुकलास?"

"कारण न्हाई. विसरलो."

"कोण साक्षीला?"

"कोण न्हाई. न काढलेल्या फोटोला साक्ष कोण असतंय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काहीतरी बरं कारण तरी सांगायचं, धुळप्पा. ताप आला म्हण." दोघं-तिघं हसले. रत्नाबाई दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला, पण ती नवऱ्याकडंच बघत होती. तिला ते त्याच क्षणी कळलं होतं.

हेडमास्तर म्हणाले, "धुळप्पा, एक फोटो कमी आहे हे खरं. रोल शुक्रवारी काढला, बत्तीसच भरलेत, तेहतीस हवे होते. पण राहिलेला दिवस आग लागायच्या आधीचा कशावरून? नंतरचा असला, तर मल्लूचा फोटो सोमवारचाच राहतो."

"तेच म्हणायलोय मी," शरणप्पा म्हणाला. "आग लागली, मल्लू ह्याला भेटला असंल, मग दोघांनी मिळून एक दिवस गाळला."

मल्लूनं काठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. धुळप्पानं कॉपींच्या गठ्ठ्यातून एक काढली आणि हेडमास्तरांच्या हातात दिली.

"पंचवीस नंबर बगा. स्टँडचा हाय. पत्र्यावरनं पाणी गळायलंय, खाली डबकं हाय, बाई छत्री मिटायलीय. सुलटं मोजून ह्यो कोणत्या दिवसाचा येतोय?"

हेडमास्तरांनी मोजलं. "गुरुवार."

"मी म्हणतोय शुक्रवार. शुक्रवारी पहाटं पाऊस झाला. गुरुवारी आभाळ कोरडं होतं." मग तो माझ्याकडं वळला. "क्लार्कसाब, तोंडानं सांगू नका. वही आणा."

तोंडानं मी सांगूही शकलो नसतो. त्या आठवड्यात एक अवकाळी सर झाली होती एवढं मला आठवत होतं. वार आठवत नव्हता. लोकांना 'आठवड्याभरापूर्वीचा पाऊस' हा गुरुवारचाही वाटत होता आणि शुक्रवारचाही, मी तिथल्याच दोघांना विचारून बघितलं.

दवाखान्यापासून कचेरी चारशे पावलं असेल. ती पावलं मला अजून आठवतात, कारण एक गोष्ट मी तोपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. महिन्यातून एखाद्या दिवशी मला उशीर व्हायचा. मग शिपाई पाणी मोजून ओतून टाकायचा आणि मी दुसऱ्या दिवशी त्याला विचारून दोन्ही आकडे एकदम मांडायचो. शिपायाच्या लेखी काल आणि परवा यांत फार फरक नसे. ज्या माणसाचा एक दिवस राहिला त्याला मी काल गाडीत 'एक कमी आहे' म्हणून ऐकवलं होतं, आणि माझ्या वहीतले किती दिवस असे होते ते मला सांगता आलं नसतं. तो गुरुवार-शुक्रवार तसला निघाला तर मला ते लिंबाखाली उभं राहून सांगावं लागणार होतं. नाही सांगितलं तर माझ्या एका आकड्यावर मल्लू सुटला असता, पण तो आकडा खरा आहे हे मला कधीच कळलं नसतं.

कपाट उघडून वही काढली, तिथंच उघडली. गुरुवार, शून्य, निळ्या पेनानं. शुक्रवार, अकरा पूर्णांक चार मिलिमीटर, शेऱ्यात 'पहाटे चार ते पाच', काळ्या पेनानं. अक्षर माझंच. निळं पेन गुरुवारी संध्याकाळी तहसीलदार साहेबांच्या मुलानं नेलं होतं, ते मला त्या काळ्या शाईवरून आठवलं. दोन्ही आकडे वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले होते. मी वही बंद केली, कुलूप लावलं, आणि परत जाताना पावलं मोजायची विसरलो.

वही हेडमास्तरांनी वाचली. मग शरणप्पानं मागितली. त्याला मराठी आकडे वाचता येत होते, आमच्या नोंदी इंग्रजीत. तरी त्यानं शून्याच्या जागी बोट ठेवलं, मग खालच्या ओळीवर. मागचे पंधरा दिवसही बघितले. सगळीकडं शून्य होतं. मग पंचवीस नंबरचा फोटो पुन्हा घेतला आणि पत्र्यावरून गळणारं पाणी जवळ धरून बघितलं.

"म्हणजे बुधवारी विसरलास खरंच," तो धुळप्पाला म्हणाला.

"तेच सांगायलोय मघापासनं."

शरणप्पानं वही मला परत दिली. तो मल्लूकडं न बघता उठला. "नाव घालत न्हाई," म्हणाला. "पण बैल तर माझा मेलाय." ते खरं होतं. गंजी कशानं पेटली ते मला आजही माहीत नाही.

मल्लू धुळप्पाच्या पाया पडायला वाकला तेव्हा धुळप्पा दोन पावलं मागं सरला. "पाया कामून पडायलास? मी विसरलो म्हणून तू अडकलास. विसरलो नसतो तर मोजून दोन मिनिटांत मोकळा होतास."

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही तो सायकल घेऊन शरणप्पाच्या वस्तीवर बैलाला मलम लावायला गेला. महिनाभर जात होता. शरणप्पा वेसण धरायचा, हा मलम लावायचा, दोघं बोलायचे नाहीत. शाल त्यानं सोमवारीच हेडमास्तरांकडं नेली. हेडमास्तर म्हणाले, "अरे, सत्काराच्या दिवशी दोन हजार पूर्ण होते. मान खोटा नव्हता." त्यांनी ती घेतली नाही. पुढच्या हिवाळ्यात ती मला दवाखान्यात कुडकुडणाऱ्या एका वासराच्या पाठीवर दिसली.

फोटो त्यानं थांबवले नाहीत. पण छप्पन्नाव्या रोलच्या अल्बममध्ये तेवीस आणि चोवीसच्या मध्ये एक खण रिकामा ठेवला. आणि कुणी आकडा काढला, आता तीन हजार झाले असतील, पाच हजार झाले असतील, की तो म्हणायचा, "एक कमी." हसून नाही, आणि दुःखानंही नाही, दुकानदार वजनातून पोत्याचं वजन वजा करतो तसं.

तो निवृत्त झाला. मुलगा पुण्याला एका कारखान्यात लागला होता, तिथं त्यानं खोली घेतली. गुलबर्ग्याच्या स्टुडिओवाल्यानं सांगून टाकलं होतं की रोल धुणं आता परवडत नाही, असतील ते लवकर आणा. गावात प्रत्येकाच्या खिशात फोटो काढणारा फोन आला होता. एकेका लग्नात आठशे फोटो निघत होते, आणि रत्नाबाई ते सगळे बघत बसायची. २००९च्या जूनमध्ये दोघं पुण्याला निघाले.

मी स्टँडवर सोडायला गेलो. आदल्या दिवशी मी बसून हिशेब केला होता. पहिल्या दिवसापासून त्या दिवसापर्यंत सहा हजार चारशे सदुसष्ट दिवस. ते मी त्याला गाडीच्या खिडकीखाली उभं राहून सांगितलं.

"एक कमी," तो म्हणाला.

"सहा हजार चारशे सहासष्ट," मी म्हटलं. "म्हणजे एकशेऐंशीव्या रोलचा सव्विसावा."

त्यानं कॅमेऱ्यावरची आकड्याची बारीक खिडकी माझ्यापुढं धरली. सव्वीस होता. अर्धवट काढलेल्या छप्पन्नाव्या रोलचे कोरे राहिलेले चार मी वजा धरले होते याचं त्याला बरं वाटलं असावं. त्यानं मान हलवली.

"आजचा झाला म्हणायचा," मी म्हटलं.

"सकाळीच. घराच्या कुलपाचा."

गाडी सुरू झाली आणि दहा हातांवर थांबली. समोरून मेंढरं आली होती. शंभरावर असतील, दोन्ही बाजूंनी गाडीला लागून, मध्ये धूळ, आणि धुळीत काठी वर धरलेला मल्लू, केस पिकलेला. त्यानं ती मुद्दाम आणली होती, वेळ बघून. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. ऊन तिरपं होतं, मेंढरांच्या पाठी चकाकत होत्या. फोटोतलं मला फारसं कळत नाही, पण तो फोटो होता हे मलाही कळलं.

"काढ की, अण्णा," मल्लू ओरडला. "आता तर ह्यो नंबर कुणाला मोजायचा न्हाई."

रत्नाबाईनं नवऱ्याच्या दंडाला हात लावला. धुळप्पाचा हात कॅमेऱ्यावर गेला, झाकणापर्यंत गेला. तो डोळे बारीक करून बघत राहिला, एक डोळा मिटून, मेंढरं पुढं सरकेपर्यंत.

"आजचा झालाय, मल्लू," तो म्हणाला.

रस्ता मोकळा झाला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो खिडकीतून मागंच बघत होता, आणि कॅमेऱ्याचं झाकण लावलेलं होतं.